तिळाहून लहान माशीचं नाव कसं ठरतं

चोपड्याला आमच्या मागच्या खोलीत मी मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद करून बसतो, त्यावरून घरात रोज एकदा तरी बोलणी खातो. बाहेर पारा ४५ ला टेकलेला, खिडकीही लावलेली. समोर मायक्रोस्कोप आणि त्याखाली कागदी त्रिकोणाच्या टोकावर डिंकाने चिकटवायची एक काळी माशी. लांबी एक मिलिमीटरला थोडी कमीच. तीळ साधारण तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका तिळावर अशा तीन माश्या ओळीने बसतील. पंखा एक नंबरवर ठेवला तरी डिंक धरायच्या आत ती उडून जाते, मेलेली असली तरी. मागच्या वर्षी एक अशीच गेली. फरशी ओल्या फडक्याने पुसली, फडकं पिळून पाणी गाळलं, नाही सापडली. आणि गेला तो नेमका नर होता. त्या नरापायी माझं वर्ष कसं गेलं ते पुढे सांगतो.

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, एकदा खोलीत डोकावले. ‘हाई काय शे?’

म्हटलं, ‘तुमच्याच कपाशीतली माशी आहे. कदाचित नवी प्रजाती असेल.’

‘नवी? मंग इतला दिन कोठे व्हती?’

आप्पांचा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण सगळा घोळ याच शब्दाचा आहे. ‘नवी प्रजाती सापडली’ ही बातमी आपण वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे येतं की कुणीतरी जंगलात गेलं, झुडूप बाजूला सारलं आणि आजवर कुणी न पाहिलेला जीव दिसला. माशी मात्र त्या शेतात माणसाने कपाशी लावायच्या आधीपासूनही असेल. नवी असते ती दप्तरातली नोंद. आणि ती नोंद करायची तर आधी जुनं सगळं दप्तर उलथंपालथं करून ‘ही आधी कुणीही नोंदलेली नाही’ हे दाखवून द्यावं लागतं. सापडायला एक सकाळ पुरते, दाखवून द्यायला वर्षं जातात.

आधी ही माशी कोण ते बघू. घरमाशीशी हिचं काही नातं नाही, ही गांधीलमाशीच्या गोतातली. कीर्तनात आपण ऐकलेलं असतं की कुंभारीण माशी अळीला उचलून मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने सतत तिचंच ध्यान करते आणि शेवटी तीच कुंभारीण होऊन बाहेर पडते. दृष्टांत म्हणून सुंदर आहे. निरीक्षणही निम्मं बरोबर आहे, कारण अळी आत जाते आणि माशी बाहेर येते हे खरंच दिसतं. मधलं दिसत नाही. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, शेजारी अंडं घालते, आणि अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन मोठं होतं.

कुंभारीण निदान घर तरी बांधते. तिच्या बारीक चुलत बहिणी तेही करत नाहीत. दुसऱ्या किड्याच्या अंगात, नाहीतर थेट त्याच्या अंड्यात, आपलं अंडं टोचून मोकळ्या होतात. पिल्लू आतून खातं आणि यजमान मरतो. गोचीड, उवा हे परजीवी, ते रक्त पितात पण यजमानाला सहसा जगू देतात. या माश्या जगू देत नाहीत, म्हणून कृषी खात्याच्या पुस्तिकांत त्यांना ‘परोपजीवी’ असा वेगळा शब्द असतो. डार्विनला हा प्रकार इतका खुपला की दयाळू देवाने मुद्दाम असं काही घडवलं असेल यावर आपला विश्वास बसत नाही, असं त्याने १८६० साली एका मित्राला पत्रात कळवलं होतं. कपाशीवाल्याला मात्र यात क्रूर काही दिसत नाही. बोंडअळीच्या अंड्यातून अळीऐवजी माशी निघाली तर त्याला आनंदच आहे.

ट्रायकोकार्ड ज्याने लावलं आहे त्याने ही मंडळी पाहिलेली आहेत. त्या कार्डावर तांदळातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि ट्रायकोग्रामा नावाच्या माशीने ती आधीच टोचलेली असतात. टोचलेलं अंडं काळं पडतं, म्हणून कार्ड खसखस जाळून लावल्यासारखं दिसतं. पट्ट्या कापायच्या, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. अर्ध्या मिलिमीटरच्या माश्या बाहेर पडतात आणि बोंडअळीची अंडी शोधत निघतात.

यांहूनही लहान आहेत. अमेरिकेतल्या एका जातीचा नर ०.१३९ मिलिमीटरचा, त्याला पंख नाहीत आणि डोळेही नाहीत. मेगाफ्रॅग्मा नावाची दुसरी एक, लांबी साधारण ०.२ मिलिमीटर. तिच्या सगळ्या मज्जासंस्थेत मिळून ७,४०० च्या आसपास पेशी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींत केंद्रकच नाही, असं एका रशियन संशोधकाने २०१२ च्या सुमारास दाखवलं. जागा वाचवायला केंद्रक काढून टाकलेलं! मधमाशीच्या मेंदूत अशा पेशी दहा लाखांच्या घरात असतात. तरी मेगाफ्रॅग्मा उडते, यजमानाचं अंडं शोधते, आपलं अंडं नेमकं त्यात घालते. हे वाचल्यावर मी दोन दिवस कुणालाही ‘बिनडोक’ म्हटलं नाही.

‘उष्णकटिबंधातली प्रजाती’ म्हटलं की लोकांना धबधबे आणि ओलंगच्च रान आठवतं. खानदेश २१ अंश अक्षांशाच्या आसपास येतो, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगला दक्षिणेला. सातपुड्याचं पानगळीचं जंगल, तापीकाठची केळी, आप्पांचं कपाशीचं वावर, हे सगळं उष्णकटिबंधच. इथल्या प्रत्येक किड्यामागे एखादी तरी परोपजीवी माशी असते, बऱ्याचदा एकाहून जास्त. हाच हिशेब मांडून काही संशोधकांनी २०१८ साली म्हटलं की प्राण्यांत सर्वाधिक प्रजाती भुंगेऱ्यांच्या असतात हा जुना समज चुकीचा असावा, तो मान मुंग्या-मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या गोताचा असावा. नोंदीत आज भुंगेरेच पुढे आहेत. पण भुंगेरा दिसतो, गोळा करायला सोपा असतो, आणि या माश्या डोळ्यांत कचरा गेल्यासारख्या येतात नि जातात.

पकडायच्या कशा? पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या घ्यायच्या, वाढदिवसाला वापरतो तसल्या. त्यांत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. पिवळ्या रंगाकडे माश्या खेचल्या जातात, आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडला की त्या वर तरंगत नाहीत, बुडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तम जमतं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ताटली कोरडी. शेळ्या हा वेगळा विषय आहे. साबणाचं असलं तरी पाणी ते पाणीच, असं त्यांचं मत दिसतं. जंगलात लावायच्या तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, यावल अभयारण्यात तर नक्कीच.

पण ताटलीत माशी मिळाली तरी ती कुणाच्या अंगातून आली ते कळत नाही. ते कळायचं तर यजमानच घरी आणायचा. मागच्या ऑक्टोबरात आप्पांच्या बांधाकडच्या ओळीत एका पानाखाली ढेकण्याची चौदा अंडी दिसली. ढेकण्या म्हणजे चिरडला की घाण वास सोडणारा तो चपटा किडा. अंडी दोन ओळींत, छोट्या पिंपांसारखी मांडलेली, आणि रंग काळपट पडलेला. पान तोडून काचेच्या नळीत घातलं, तोंडाला कापसाचा बोळा लावला. पाचव्या दिवशी सकाळी एकच माशी बाहेर होती आणि ती अंड्यांवर येरझारा घालत होती. तो नर. या कुळात हा नेहमीचा रिवाज आहे: नर आधी निघतो आणि बहिणी बाहेर पडायची वाट बघत पहारा देतो. दुपारपर्यंत तेरा माद्या आल्या. चौदा अंडी, चौदा माश्या. टेलेनोमस हा त्यांचा वंश, एवढं मला ओळखू आलं.

इथे शब्दांची एक खोच सांगून टाकतो. काही मराठी ग्रंथांत ‘स्पीशीज’ला जाती आणि ‘जीनस’ला प्रजाती म्हटलेलं आहे, वर्तमानपत्रांत मात्र ‘स्पीशीज’लाच प्रजाती म्हणतात. मी वर्तमानपत्रांच्या बाजूने आहे. वंश म्हणजे आडनाव आणि प्रजाती म्हणजे पाळण्यातलं नाव, एवढं धरून चला.

आता खरं काम. माशी अल्कोहोलमध्ये जाते आणि नळीत चिठ्ठी जाते: गाव, तालुका, तारीख, पीक, कशातून निघाली, कुणी धरली. चिठ्ठी हरवली तर माशी फेकून दिल्यासारखीच. काही माश्या कागदी टोकावर चिकटवतात, काहींच्या काचपट्ट्या करतात. काचपट्टीसाठी माशी आधी कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायची, आतलं मांस विरघळतं आणि काचेसारखी पारदर्शक त्वचा उरते. मग ॲसिटिक ॲसिड, मग अल्कोहोल, मग लवंगेचं तेल. या टप्प्याला आमच्या खोलीत दातदुखीच्या घरासारखा वास सुटतो. शेवटी कॅनडा बाल्सम, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी झाडाचा डिंक. त्याच्या थेंबात बारीक सुईने एक पंख वेगळा करायचा, एक मिशी वेगळी, डोकं वेगळं, आणि सगळं सरळ मांडायचं. श्वास रोखून. नाडीच्या ठोक्याने सुईचं टोक हललेलं मायक्रोस्कोपमधून दिसतं.

मग मोजणी. मिशीला पेरं किती, दुसरं पेर लांबीला रुंदीच्या किती पट, पंखाच्या कडेची झालर किती लांब, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी आहे की रेघा आहेत, अंडं घालायची नळी पायाच्या मानाने केवढी. आणि हे एका माशीवर भागत नाही. एकाच पुंजातल्या तेरा बहिणींतही थोडं डावंउजवं असतं. कुपोषित पिल्लाची माशी खुजी होते. कुठला फरक घराण्याचा आणि कुठला फक्त खाण्यापिण्याचा, हे ओळखण्यातच वर्गीकरणवाल्याची अर्धी हुशारी खर्च होते.

ही मापं घेऊन जुन्या नोंदींशी ताळा करायचा. त्यासाठी ‘की’ असते, म्हणजे प्रश्नांची साखळी: पंखावर अमुक रेघ आहे का, असेल तर पाच नंबरला जा, नसेल तर नऊला. पण साखळी ज्याने केली त्याच्या वेळेपर्यंतच्याच प्रजाती तीत असतात. त्यानंतरचे सगळे लेख वेगळे धुंडाळायचे, जर्मन असो, रशियन असो, १९१० चा असो. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून धरतात, स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. तेव्हापासून कुणीही, कुठेही, नीट छापलेलं पहिलं नाव खरं. शंभर वर्षांनी तुम्ही कितीही सुबक वर्णन केलंत तरी आधीच्याचा हक्क पहिला. सातबाऱ्यासारखंच, जुना फेरफार निघाला की नवा गळतो.

आता त्या नराकडे येतो. ट्रायकोग्रामाच्या भारतातल्या माश्यांना बराच काळ कधी मिनुटम, कधी ऑस्ट्रॅलिकम म्हटलं जायचं, कारण माद्या एकीसारखी दुसरी. बंगळूरुला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९६८ ते १९७१ च्या काळात निरनिराळ्या ठिकाणच्या माश्यांचे संकर करून पाहिले, मग नरांचं जननेंद्रिय मायक्रोस्कोपखाली तपासलं, आणि दाखवून दिलं की ओळख तिथेच पक्की होते. आज जगभर ट्रायकोग्रामा अशीच ओळखतात. आपल्या कार्डांवर ‘ट्रायकोग्रामा किलोनिस’ असं ठाम नाव येतं ते अशा कामाच्या जोरावर. माझ्या टेलेनोमसमध्येही तेच: नराशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. आणि नर पंख्याने नेला.

समजा सगळा ताळा झाला, कुठेच जुळत नाही, आता नाव द्यायचं. नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. वर्णन छापायचं आणि सगळ्या नमुन्यांतून एकच नमुना ‘होलोटाइप’ म्हणून नेमायचा. पुढे कधी वाद झाला की नाव त्या एका माशीच्या मागे जातं. त्यामुळे तो नमुना घरी ठेवून चालत नाही. कोलकात्याचं प्राणी सर्वेक्षण, बंगळूरुचं राष्ट्रीय कीटक संग्रहालय अशा ठिकाणी तो जातो, आणि कुठे ठेवला ते लेखातच सांगणं २००० सालापासून सक्तीचं आहे. नाव गावावरून असेल तर शेवटी बहुधा ‘एन्सिस’ लागतं, पुरुषावरून असेल तर ‘आय’, स्त्रीवरून असेल तर ‘ए’. स्वतःचं नाव देऊ नये असा कायदा नाही, लाज आहे. ‘खानदेशेन्सिस’ असं मी एकदा वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं आणि लगेच पान उलटलं.

नाव दिलं म्हणजे प्रकरण मिटलं असंही नाही. आपल्या कपाशीतलीच गोष्ट घ्या. २००५ नंतरच्या दोन-तीन हंगामांत पिठ्या ढेकणाने, म्हणजे अंगावर मेणाचं पांढरं पीठ असलेल्या, रस शोषणाऱ्या किडीने, उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या कपाशीचे शेंडे पांढरे केले. हा ढेकूण मूळचा अमेरिकेतला, त्याचं वर्णन १८९८ साली न्यू मेक्सिकोतून झालेलं. मग काही शेतांत मेणाच्या पिठाआड तपकिरी, कडक, पिंपासारखे फुगलेले ढेकूण दिसू लागले. एका टोकाला गोल भोक. म्हणजे आतून कुणीतरी खाऊन बाहेर पडलं होतं. ते करणारी माशी दीड-दोन मिलिमीटरची, काळी. अलीगढचे मोहम्मद हयात हे या माश्यांचे नामांकित जाणकार. त्यांनी २००९ मध्ये ती नवी प्रजाती म्हणून नोंदली आणि कीड व्यवस्थापनातले संशोधक ओ. एम. बंबावाले यांच्यावरून नाव ठेवलं, एनॅशियस बंबावालेआय. मराठी आडनावाला लॅटिन शेपूट. त्या माशीवर मग डझनावारी लेख निघाले.

२०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ताळा पुन्हा केला आणि म्हटलं, ही माशी आधीच नोंदलेली आहे. जिरॉ नावाच्या अमेरिकन माणसाने १९१५ साली तिला ॲरिझोनावरून नाव दिलेलं होतं. मग पहिलं नाव खरं: एनॅशियस ॲरिझोनेन्सिस. म्हणजे ढेकूण ज्या मुलखातून आला तिकडचाच त्याचा वैरीही, कुणी न आणता त्याच्या मागोमाग आलेला.

हा जिरॉ एक अफलातून माणूस होता. पुढे ऑस्ट्रेलियात गेला, या बारीक माश्यांच्या तीन हजारांहून जास्त प्रजातींना त्याने नावं दिली. साहेबांशी पटेना, नियतकालिकं लेख छापेनात, तर पदरच्या पैशाने पत्रकं काढून त्यांत वर्णनं छापू लागला. एकदा तर वरिष्ठाच्या नावाची टर उडवत त्याने अस्तित्वातच नसलेल्या माशीचं वर्णन छापलं! वर्णनं त्रोटक, काचपट्ट्यांवर दोन-तीन प्रजाती एकत्र. अशा माणसाच्या कागदांत आपली माशी आधीच बसलेली नाही ना, हे जगभरचे लोक आजही तपासत असतात. मी हयातांना दोष देणार नाही. १९१५ च्या चार ओळींवरून २००९ ची माशी ओळखणं हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच कळेल.

आता तुम्ही म्हणाल, डीएनए आहे की. आहे. माशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि किराणा मालावरच्या बारकोडसारखा तो जुळवून बघतात. कॅनडाच्या पॉल हेबर्टने २००३ मध्ये ही कल्पना रुजवली. त्यातून एकसारख्या दिसणाऱ्या, पण आतून वेगळ्या प्रजाती उघड्या पडल्या. कोस्टारिकातल्या एकाच संरक्षित प्रदेशातून २०१४ साली अपँटेलेस वंशाच्या १८६ नव्या प्रजाती एका दमात आल्या. २०२१ मध्ये तर तिथल्याच माश्यांच्या ४०३ प्रजाती एका लेखात आल्या, आणि बहुतेकींचं वर्णन म्हणजे बारकोड नि फोटो. यावर जाणकारांत चांगलीच जुंपली. एक बाजू म्हणते, जंगलं तोडली जाताहेत, मिश्यांची पेरं मोजत बसलो तर काही उरणार नाही. दुसरी म्हणते, ज्याच्याकडे डीएनए वाचायची सोय नाही त्याने ती माशी ओळखायची कशी? आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे आणि लवंगेचं तेल आहे, त्यामुळे मी कुठल्या बाजूला ते उघड आहे. पण पहिल्या बाजूचा मुद्दाही पोटात गोळा आणणारा आहे: नमुना हाती आल्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ च्या एका अभ्यासात निघालं होतं.

नावाने काय फरक पडतो, हे आप्पांनीही विचारलं. त्यांना शहाद्याकडच्या पपईचं उदाहरण दिलं, कारण तिकडे आमची सोयरीक आहे आणि पपई सगळ्यांना ठाऊक. २००८ मध्ये कोइम्बतूरला पपईवर एक वेगळाच पिठ्या ढेकूण दिसला. तो मेक्सिकोकडचा पॅराकोकस मार्जिनेटस हे पटकन ओळखता आलं, कारण १९९२ मध्येच त्याचं नीट वर्णन होऊन बसलेलं होतं. नाव कळल्यावर त्याचा वैरी कोण ते कागदात सापडलं आणि २०१० मध्ये बंगळूरुच्या सरकारी कीटक-संशोधन संस्थेने पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही इवलीशी माशी आणून सोडली. तिने तो ढेकूण आटोक्यात आणला. ओळख चुकली असती तर भलतीच माशी आणली असती, आणि या माश्या आपल्या यजमानाच्या बाबतीत अतिशय नखरेल असतात.

माझ्या तेरा माद्यांतल्या चार मी दक्षिणेतल्या एका जाणकारांकडे पाठवल्या. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. एका जुन्या प्रजातीच्या जवळची दिसते, पण पंखाची झालर जास्त लांब आहे, वेगळी असू शकेल, नसूही शकेल. शेवटी एवढंच: नर पाठवा.

या खरिपात आप्पांच्या बांधाकडे पुन्हा जाणार आहे. त्या बाजूच्या चार ओळींवर फवारा मारायचा नाही, असं आप्पांनी सालदाराला सांगून ठेवलंय. शेळ्यांचं काय करायचं ते तुझं तू बघ, म्हणाले.